दात कशाने घासता? : गरोदरपण, मिसरी आणि सुटकेची वाट

आपल्या शाळेच्या गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यास एक विद्यार्थिनी आली होती. वसतिगृहात असताना व्यसनमुक्तीच्या पथनाट्यात तिची प्रमुख भूमिका असे. दारूची बाटली आणि गुटख्याची पुडी पायाखाली तुडवण्याचा प्रसंग ती इतक्या आवेशाने करी, की गावोगावचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत. आता ती पाच महिन्यांची गरोदर होती. दुपारी जेवण झाल्यावर नळाजवळ उभी राहून तिने पिशवीतून एक लहानशी डबी काढली, चिमूटभर काळी पूड बोटावर घेतली आणि ती दात-हिरड्यांवर फिरवू लागली. आम्ही जवळ जाऊन विचारले, "मिसरी केव्हापासून गं?" ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "लग्नानंतर लागली, बाई. सासूबाई लावतात, जावा लावतात. व्यसन थोडंच आहे? दात घासायचं आहे ते."

तिच्या उत्तरात लपवाछपवी नव्हती, म्हणूनच ते आमच्या मनाला लागले. इतकी वर्षे आम्ही मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणवून घेतली, प्रभातफेऱ्या काढल्या, भित्तिपत्रके रंगवली. त्या सर्व कार्यक्रमांत बाटली होती, सिगारेट होती, गुटखा होता. म्हणजे जी व्यसने प्रामुख्याने पुरुषांची, तीच होती. आमच्या विद्यार्थिनींच्या घरी चुलीजवळच्या कोनाड्यात जी डबी असते, तिचे नाव आम्ही एकदाही घेतले नाही. दोष त्या मुलीचा नाही. शिकवणाऱ्यांच्या हातून एक धडा राहून गेला. तो राहिलेला धडा या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मिसरी म्हणजे तंबाखूच

मिसरी, मशेरी, मिश्री अशी तिची प्रदेशपरत्वे नावे आहेत. करण्याची रीत मात्र सर्वत्र सारखीच. तंबाखूची पाने तव्यावर किंवा खापरावर काळी होईपर्यंत भाजायची, थंड झाल्यावर चुरून त्यांची बारीक पूड करायची आणि ती डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर ती दातांना लावायची आणि थोडा वेळ तोंडात धरून मग चूळ भरायची. प्रारंभी दिवसातून एकदा लागते. पुढे दुपारी, कामावरून आल्यावर, रात्री निजण्यापूर्वी अशी तिची आवर्तने वाढत जातात. डबी घरी विसरली तर कामात लक्ष लागत नाही, डोके धरते, चिडचिड होते. ज्या वस्तूवाचून शरीर असे अडून बसते, तिला दंतमंजन म्हणणे म्हणजे आपणच आपली समजूत घालणे होय.

भाजल्याने तंबाखूचा दोष जळून जातो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. भाजलेल्या पुडीतही निकोटिन शिल्लक राहते आणि ते हिरड्यांच्या पातळ त्वचेतून थेट रक्तात उतरते. शिवाय पाने जळताना कर्करोगास कारणीभूत होणारी काही नवी द्रव्ये तयार होतात. भाजताना घरभर ठसका लागतो, तो धूर भाजणारी स्त्री श्वासावाटे घेते ते वेगळेच.

कारखान्यात तयार होणाऱ्या दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ साली औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली बंदी घातली. तंबाखू हे दात घासण्याचे साधन नव्हे, हा निर्णय कायद्याने तेव्हाच दिला. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिसरीपर्यंत कायद्याचा हात पोचत नाही. तेथे समजूतच पोचवावी लागते.

हा प्रश्न सिगारेटचा का नाही?

गरोदरपण आणि तंबाखू यांविषयी बोलताना बहुतेक पुस्तकांत सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीचे चित्र असते. पाश्चात्त्य देशांत ते यथार्थ आहे. आपल्याकडची स्थिती निराळी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील स्त्रियांमध्ये बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण अवघे १.४ टक्के होते. धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया मात्र १६.६ टक्के, म्हणजे ढोबळमानाने दर सहा स्त्रियांमागे एक होती. यात मिसरी आहे, चुना लावून मळलेली तंबाखू आहे, विदर्भातील खर्रा आहे, तपकीर आणि गुडाखूही आहे. म्हणून आपल्या घरांत "बाई, तू सिगारेट ओढतेस का?" हा प्रश्न विचारून काहीच हाती लागणार नाही. आरोग्यसेविकेने "काही व्यसन?" असे विचारले, तरी आमच्या त्या विद्यार्थिनीप्रमाणे शेकडो जणी प्रामाणिकपणे "नाही" असेच सांगतील आणि कागदावर तेच उमटेल. खरा प्रश्न एकच आहे: "दात कशाने घासता?"

परंपरा किती जुनी?

मिसरीच्या बाजूने हमखास केला जाणारा युक्तिवाद परंपरेचा असतो. "आमच्या पणज्या लावीत आल्या, त्यांना काय झाले?" आम्ही इतिहासाचे विद्यार्थी, म्हणून या प्रश्नाचे उत्तर इतिहासातूनच देऊ. तंबाखू हे भारताचे झाड नव्हे. ते अमेरिका खंडातले. १४९२ नंतर युरोपीयांना त्याची ओळख झाली आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ते आपल्या किनाऱ्यावर उतरले. 'तंबाखू' हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला. अकबराचा अधिकारी असद बेग याने सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी विजापुराहून तंबाखू आग्र्याच्या दरबारात नेली, याचे वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. म्हणजे या वस्तूचे आपल्याकडचे आयुष्य चारशे वर्षांच्या आसपासचे, आणि तिच्याविषयीची तक्रारही जवळजवळ तितकीच जुनी.

पंचशीलातील पाचव्या शीलात तंबाखूचे नाव नाही, असे काही जण आम्हांस सांगतात. नसणारच. भगवान बुद्धांच्या काळी तंबाखू या भूमीवर नव्हतीच. त्या शीलाचा आशय मनाची सावधानता ढळवणाऱ्या वस्तूंपासून दूर राहण्याचा आहे, आणि आपली वस्तू त्या आशयात बसते की नाही हे डबी घरी विसरलेल्या दिवशी ज्याचे त्याने पाहावे.

राहिला पणज्यांचा प्रश्न. त्यांना काय झाले याची नोंद कोणी ठेवली? किती बाळे दिवस भरण्याआधी जन्मली, किती मृत जन्मली, किती सव्वा महिना ओलांडू शकली नाहीत, हे ज्या घरांत घडले त्या घरांना लिहिता येत नव्हते. "देवाने दिले, देवाने नेले" एवढ्यावर ते दुःख मिटवले गेले. नोंद नसणे म्हणजे हानी नसणे नव्हे, हे इतिहासाच्या अभ्यासकाला पहिल्याच वर्षी शिकावे लागते.

गर्भात काय घडते?

गर्भातील बाळ स्वतः श्वास घेत नाही, स्वतः खात नाही. त्याला लागणारा प्राणवायू आणि अन्नरस वारेतून मिळतो. वार म्हणजे आई आणि बाळ यांच्यामधले देवघेवीचे ठिकाण. निकोटिन रक्तवाहिन्यांना आकुंचित करते. शेताला पाणी देणारी चारी मध्येच चिंबली, की शेवटच्या वाफ्याला पाणी कमी पडते. तसे गर्भाशयाकडे जाणारे रक्त कमी झाले, की बाळाचे पोषण कमी पडते. निकोटिन वार ओलांडून बाळाच्या रक्तातही पोचते, आणि तेथे त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा अधिकही आढळते. आईने तोंड धुतले की तिच्यापुरती मिसरी संपते. बाळाची सुटका इतक्या लवकर होत नाही.

दुसरा परिणाम आईच्या रक्तावर होतो. मुंबईत झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण अधिक आढळले. तंबाखू भूक मारते. भूक मेली की घास कमी होतो, घास कमी झाला की रक्त कमी होते. आधीच आपल्या स्त्रियांत रक्तक्षय घरोघरी आहे, त्यात ही भर पडते.

तिसरी गोष्ट धुराची. बिडी-सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा अडवून बसतो. स्त्री स्वतः ओढत नसली, तरी एका खोलीच्या घरात नवरा बिडी ओढत असेल तर तो धूर तिच्या आणि तिच्यामार्फत बाळाच्या वाट्याला येतोच. खिडकीत उभे राहून ओढल्याने हा प्रश्न सुटत नाही.

पुरावा काय सांगतो?

तंबाखू ओढणाऱ्या मातांची बाळे कमी वजनाची होतात, ही गोष्ट शास्त्रीय रीतीने प्रथम ठळकपणे मांडली गेली ती १९५७ साली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील डब्ल्यू. जे. सिम्पसन या संशोधकाने सात हजारांहून अधिक प्रसूतींच्या नोंदी तपासून तो निष्कर्ष काढला. मिसरी आणि खाण्याच्या तंबाखूविषयीचा पुरावा मात्र बराचसा आपल्याच भूमीतला आहे.

२००४ साली डॉ. प्रकाश गुप्ता आणि डॉ. श्रीविद्या सुब्रमणी यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत घरोघरी जाऊन तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गरोदर स्त्रियांची नोंद घेण्यात आली आणि त्यांच्या प्रसूतीपर्यंत पाठपुरावा करण्यात आला. त्यांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरीत होत्या आणि त्यांत मिसरी लावणाऱ्यांचा भरणा मोठा होता. तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन, इतर कारणांचा हिशेब वजा करूनही, सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि त्यांचा जन्म सरासरी सहा दिवस आधी झाला. त्याच स्त्रियांविषयीच्या २००६ मधील लेखात मृत जन्माचे प्रमाण दिले आहे. तंबाखू न वापरणाऱ्यांत ते ३.१ टक्के, तर वापरणाऱ्यांत ८.९ टक्के होते.

१०५ ग्रॅम म्हणजे मूठ-दोन मुठी शेंगदाणे, त्याने काय बिघडते, असे कोणासही वाटेल. पण ही सरासरी आहे. जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ 'कमी वजनाचे' मानले जाते. आपल्याकडची पुष्कळ बाळे या रेषेच्या जरा वर जन्मतात. सरासरीच खाली सरकली की रेषेवरची कितीतरी बाळे रेषेखाली जातात. कमी वजनाचे बाळ लवकर थंड पडते, नीट ओढून दूध पिऊ शकत नाही, त्याला जंतुसंसर्ग चटकन होतो. मूठभर वजनाचा फरक म्हणजे काही घरांत पाळणा आणि काचेची पेटी यांतला फरक असतो.

या सगळ्यात एक आशेची गोष्टही आहे. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या सुमारे १७,००० बाळांच्या नोंदींचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याअखेर ज्या स्त्रियांनी धूम्रपान सोडले होते, त्यांच्या बाळांची स्थिती कधीच न ओढणाऱ्या स्त्रियांच्या बाळांसारखीच आढळली. हा अभ्यास सिगारेटचा आहे, मिसरीचा नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. परंतु वारेकडे जाणारा रक्तप्रवाह आखडणारे निकोटिन दोन्हींत आहे. बाळाचे वजन बहुतांशी शेवटच्या तीन महिन्यांत भरते. म्हणून चौथा महिना उलटला तरी वेळ गेली असे कोणी समजू नये. सातव्या महिन्यात सोडली तरी ती बाळाच्या उपयोगाचीच आहे.

ती का लावते?

सोडा म्हणणे सोपे आहे. त्याआधी ती का लावते हे समजून घेणे आवश्यक आहे; अन्यथा आपला उपदेश हा पोट भरलेल्याने उपाशी माणसास केलेला उपदेश ठरेल. आमच्या पालकवर्गात ऊसतोडणीस जाणाऱ्या माता आहेत, वीटभट्टीवर राबणाऱ्या आहेत, इमारतीच्या कामावर घमेली उचलणाऱ्या आहेत. पहाटे चारला उठून भाकरी थापायची, दिवसभर वाकून काम करायचे, दुपारचे जेवण हाती लागेल तेव्हा करायचे. अशा दिवसात मिसरी भुकेला दाबते, थकव्याला थोपवते. कामाच्या ठिकाणी शौचास आडोसा नसतो, म्हणून पहाटेच पोट साफ व्हावे लागते आणि मिसरी लावल्याशिवाय ते होत नाही, अशी तिची खात्री असते. दाढ दुखली तर दवाखान्यासाठी मजुरीचा दिवस मोडण्यापेक्षा मिसरीची चिमूट स्वस्त पडते. शिवाय चार जणी अंगणात मिसरी लावीत बसतात, तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असतो.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा येथे स्मरणीय आहे. प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार मातेवर एकटीवर पडू नये, अशी ती भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. तो कारखान्यांतील स्त्री कामगारांपुरता होता. उसाच्या फडातील आणि वीटभट्टीवरील माता अद्यापही त्या विश्रांतीपासून बव्हंशी दूरच आहे. म्हणून गरोदर स्त्रीच्या हातातील डबी काढून घेताना त्या जागी अन्न, विसावा आणि औषधोपचार ठेवणे हे घराचे आणि समाजाचे कर्तव्य ठरते.

सोडावी कशी?

पहिली गोष्ट म्हणजे दिवस ठरवावा. आजचा उद्यावर ढकलू नये, पण ठरवल्यावाचूनही सोडू नये. ठरलेल्या दिवशी घरातली डबी, उरलेली तंबाखू आणि भाजण्याचे खापर घराबाहेर जावे. कोनाड्यात डबी ठेवून निश्चय टिकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिले तीन-चार दिवस सर्वांत जड जातात, हे आधीच माहीत असावे. डोके दुखते, झोप मोडते, विनाकारण रडू येते, राग येतो. हा आजार नव्हे. शरीर निकोटिनची सवय सोडत असल्याची ही खूण आहे. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. तलफ येते ती काही मिनिटांत निघून जाते. तेवढी मिनिटे टाळण्याची युक्ती प्रत्येकीने आपापली शोधावी. कोणी पाणी घोट-घोट पिते, कोणी बडीशेप चघळते, कोणी मूठभर भाजलेले चणे खाते, कोणी शेजारणीशी बोलत बसते. मिसरीच्या जागी सुपारी मात्र घेऊ नये. तीही अपायकारकच आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे ज्या कारणासाठी मिसरी लागते, त्या कारणाचा उपाय करावा. पोट साफ होत नसेल तर सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी प्यावे. पालेभाज्या, साली असलेल्या डाळी, फळे यांचे प्रमाण वाढवावे. येथे एक बारीकशी गोष्ट सांगणे आवश्यक आहे. गरोदरपणात आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात. त्यांनी काही जणींना बद्धकोष्ठ होते. मग एक तर गोळ्या कोनाड्यात जातात, किंवा मिसरी वाढते, किंवा दोन्ही घडते. गोळ्या सोडू नयेत. त्रास होतो हे आशाताईंना किंवा परिचारिकेस सांगावे, त्या घेण्याची वेळ आणि आहार यांत बदल सुचवतात. दात-हिरड्या दुखत असतील तर कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात आणि दंतवैद्याकडे जावे. गरोदरपणात दातांवर उपचार करता येतात. आपण गरोदर आहोत एवढे मात्र आधी सांगावे.

चौथी गोष्ट म्हणजे मदत मागण्यात कमीपणा मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत असे म्हटले आहे, की प्रत्येक गरोदर स्त्रीस तंबाखूविषयी आणि घरातील धुराविषयी विचारावे आणि सोडण्यासाठी समुपदेशनाचे साहाय्य द्यावे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य संस्थांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तेथे कोणी विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे, "मी मिसरी लावते, मला सोडायची आहे." तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. निकोटिनची गोळी किंवा च्युइंगगम गरोदर स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

पाचवी गोष्ट म्हणजे मध्येच एखादे दिवशी बोट पुन्हा डबीत गेले, तर सगळे संपले असे समजू नये. शाळेत एखादे गणित चुकले म्हणून आपण पाटी फोडीत नाही. पुसून पुन्हा मांडतो.

घराचे काम

आमच्या अनुभवात ज्या घरात सासू-जावा मिसरी लावतात, त्या घरात एकट्या सुनेची मिसरी सुटत नाही. सकाळी अंगणात तोच वास, तीच डबी, तोच आग्रह. म्हणून या लेखातील सर्वांत महत्त्वाची विनंती आम्ही सासूबाईंना, आयांना आणि आज्यांना करतो. सून गरोदर राहिली की नऊ महिने घरातली सगळी डबी बंद ठेवावी. ज्यांना स्वतः सोडणे शक्य नसेल, त्यांनी निदान तिच्यासमोर लावू नये, तिला आणायला पाठवू नये आणि तिच्या हातून भाजून घेऊ नये.

पुरुषांना दुसरी विनंती. घरात बिडी-सिगारेट ओढू नये, आणि बायकोने मिसरी सोडावी अशी अपेक्षा असेल तर स्वतःची तंबाखूची पुडीही त्याच दिवशी ठेवून द्यावी. तिचे भांडे भरलेले आहे का, तिला दुपारी तासभर आडवे होता येते का, पाण्याची घागर कोण आणतो, याकडे लक्ष द्यावे. भुकेल्या आणि दमलेल्या स्त्रीस निश्चय शिकवू नये. तिला आधी जेवू घालावे.

बाळंतपणानंतर पुन्हा एक धोक्याचा काळ येतो. "आता बाळ झाले, लाव थोडी" असे म्हणणारी मंडळी तेव्हा भोवती असतात. निकोटिन आईच्या दुधातून बाळाकडे जाते. म्हणून सोडलेली मिसरी सोडलेलीच राहू द्यावी. परंतु एखादीची सुटली नसेल, तर तिने बाळाचे दूध बंद करू नये. आईच्या दुधाचे मोल इतके मोठे आहे, की मिसरी सुटेपर्यंतही ते पाजणेच श्रेयस्कर. मिसरी सोडण्याचा प्रयत्न मात्र चालू ठेवावा, आणि लावलेल्या बोटाने बाळाचे तोंड, हिरड्या चोळू नयेत.

शाळेचा राहिलेला धडा

मेळाव्यातील त्या विद्यार्थिनीशी आम्ही त्या दुपारी बराच वेळ बोललो. रागावलो नाही, तिला लाज वाटावी असे काहीच तिने केले नव्हते. वर जे लिहिले आहे, तेच थोडक्यात सांगितले. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, "बाई, हे नाटकात का नव्हतं?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तिची मिसरी एका झटक्यात सुटली नाही. दोनदा सुटली आणि दोनदा पुन्हा लागली. तिसऱ्या खेपेस तिच्या सासूबाईंनीच डबी उचलून माळ्यावर टाकली आणि स्वतः मीठ लावून दात घासू लागल्या. बाळाचे वजन २ किलो ७०० ग्रॅम भरले, असा तिचा दूरध्वनी आला. मिसरी सोडल्यामुळेच ते भरले, असे आम्ही म्हणणार नाही. एका बाळावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण तिच्या घरात आता सकाळी अंगणात डबी उघडत नाही आणि तिची मुलगी ती पाहत मोठी होणार नाही, इतके निश्चित.

यंदापासून आपल्या शाळेच्या पथनाट्यात एक नवा प्रसंग घातला आहे. त्यात बाटली नाही, पुडी नाही. एक तवा आहे, एक डबी आहे आणि एक गरोदर सून आहे. आरोग्य तपासणीच्या वेळी मुलींना आता "व्यसन आहे का?" असे विचारले जात नाही. "घरी दात कशाने घासता?" असे विचारले जाते. पहिल्याच वर्षी जी उत्तरे मिळाली, ती ऐकून आम्ही शिक्षक मंडळी बराच वेळ गप्प बसलो होतो.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल, त्या प्रत्येक माजी विद्यार्थ्यास आणि पालकास आमची एक विनंती आहे. आपल्या घरात, भावकीत, वस्तीत कोणी गरोदर असेल, तर तिला हा प्रश्न विचारा. आवाजात आरोप नको, आपुलकी असू द्या. तिने खरे उत्तर दिले, तर तिच्या पाठीवर हात ठेवा आणि तिच्यासोबत नऊ महिने उभे राहा.